माशांची डॉक्टर

मिलवॉकी
रविवार, १४ जुलै

प्रिय ऐली,

मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे, झोपही मिळते आहे. आई विचारणारच, म्हणून आधी लिहून टाकलं. तू पाठवलेला रानबेरीचा मुरांबा पोचला. बाटली फुटली नाही, पण झाकणातून थोडा पाझरून बाबांच्या चिठ्ठीला लागला, त्यामुळे ‘चि. हेल्मीस’ एवढंच वाचता आलं. बाकीची चिठ्ठी मी चाटली. काय लिहिलं होतं ते त्यांना विचारून कळव.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी डोकं दुखतंय म्हटलं की तुझं सुरू, कधीपासून, कुठल्या बाजूला, उजेड सहन होतो का. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

तर मी वॉर्डात परत आले. डॉक्टरकीचं शिक्षण मधे थांबवून सहा वर्षं प्रयोगशाळेत माशांच्या संगतीत काढल्यावर माणसं फार मोठी दिसतात आणि फार बोलतात. कोट तोच, पहिल्या वर्षी समारंभात सगळ्यांसमोर घातलेला, विद्यार्थ्यांचा कमरेपर्यंतचा आखूड कोट. तू पुरी डॉक्टर, तुझा आता गुडघ्याला लागत असेल. माझ्या खिशातून एक खोकल्याची गोळी निघाली, समारंभाच्या काळातली असणार. बटण लागत नाही म्हणून कोट उघडाच घालते. लोकांना ती ऐट वाटते.

माझी वरिष्ठ कोण आहे ओळख. पाकौ व्हांग. मी शरीररचनेच्या टेबलावर शिकवायला जायचे तेव्हा पहिल्या वर्षात एक बुटकी मुलगी होती, तिला नीट दिसावं म्हणून आम्ही पायाखाली स्टूल द्यायचो, ती. तिच्याकडून मनगटाची हाडं मी पाठ करून घेतली. आता ती निवासी डॉक्टर आहे आणि माझं प्रत्येक टिपण तिची सही होईपर्यंत रद्दी असतं. मागून आली नि तिखट झाली म्हणतात, त्यातली गत. पण तिखट नाही ग, पोरगी गोड आहे. पहिल्याच सकाळी म्हणाली, “मनगटाची हाडं मला अजून येतात, प्रोफेसर. तुम्हाला रक्तदाब घेता येतो का?” मी पट्टा उलटा बांधला.

माझ्या वाट्याला एक आजी आल्या आहेत. डोलोरेस विचोरेक, वय एकोणऐंशी, शहराच्या दक्षिण भागातल्या पोलिश बेकरीत जन्मभर काउंटरला उभ्या होत्या. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, पाय सुजलेत, चार पावलं चालल्या की धाप लागते. त्यात छातीत थोडा जंतुसंसर्ग, म्हणून मुक्काम लांबलाय. पाकौनं मला त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवायला लावला. ऐली, सौनाच्या वाफेच्या खोलीत तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की जो ‘स्स’ येतो ना, तसा प्रत्येक ठोक्याला. मी कान काढीना, तेव्हा बाई म्हणाल्या, “आत गाणं लागलंय का?”

आता एक गंमत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले, हात धुतले आणि म्हणाले, “मी डॉक्टर कोस्केला.”

तोंडातून निघून गेलं. मे महिन्यात पीएच.डी.चा प्रबंध मंजूर झाल्यापासून प्रयोगशाळेत सगळे मला मुद्दाम तसंच हाक मारायचे. डॉक्टर, टाकीचं पाणी बदललंत का, डॉक्टर, तुमचा डबा फ्रीजमध्ये वास मारतोय. जिभेला सवय लागली. तिथे ते खरंच आहे. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामध्ये एक काचेचा पूल आहे, तो ओलांडला की तेच खोटं होतं. डोलोरेसबाईंना चष्मा नसला तर माझ्या छातीवरचं कार्ड दिसत नाही. शिवाय माझी ही उंची आणि कानामागचे पांढरे केस. त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात, डॉक्टर. कालपासून नुसती एक शाळकरी मुलगी येऊन जाते.” शाळकरी मुलगी म्हणजे पाकौ. मी दुरुस्त करणार होते, तेवढ्यात त्यांना धाप लागली आणि राहून गेलं. सांगेन उद्या.

माझी प्रबंधाची मार्गदर्शक हॅरिएट, तिचा काल फोन होता. ती म्हणते, डॉक्टरकीची राहिलेली दोन वर्षं कशाला घालवतेस, सोडून दे आणि माझ्याकडे पगारी संशोधक म्हणून ये. तुझं टेबल मी अजून कुणाला दिलेलं नाही, म्हणाली. महिनाअखेर उत्तर हवंय. मी बघते म्हटलं. घरी इतक्यात बोलू नकोस.

बाबा तुझ्या दवाखान्यासाठी पाटी करताहेत असं आईनं सांगितलं. झाली की फोटो पाठव.

तुझी,
हेल्मी


मिलवॉकी
रविवार, २१ जुलै

प्रिय ऐली,

पत्रानं तुझं तोंड बंद राहील हा माझा भ्रम होता. पत्र मिळाल्याबरोबर फोन करून ओरडलीस. “आधी जाऊन सांग त्या बाईंना, मग माझ्याशी बोल.” बरोबर आहे तुझं. म्हणून आज पुन्हा कागदावर आले आहे, कारण अजून सांगितलेलं नाही.

बाकी सगळं छान चाललंय, हे आधी ऐक. शुक्रवारी प्रयोगशाळेतली सगळी मंडळी मासे खायला गेलो. दिवसभर ज्यांच्या जातभाईंची हृदयं जपायची त्यांनाच संध्याकाळी तळून कोबीच्या कोशिंबिरीबरोबर खायचं, यावर दर शुक्रवारी तोच विनोद होतो आणि दर शुक्रवारी आम्ही हसतो. जेवणाआधी हॅरिएटनं मला टाक्या दाखवायला नेलं. मी हृदयाचा तुकडा काढलेले शेवटच्या खेपेचे मासे मजेत पोहत होते. भिंगाखाली बघितलं तर जखमेच्या जागी नवा स्नायू भरून आलेला, कुठे कापलं होतं ते शोधावं लागत होतं. किती वेळा पाहिलंय मी हे, तरी भिंगावरून डोळा काढवत नाही. हॅरिएट काही बोलली नाही. तिला माहीत आहे अशा वेळी गप्प राहिलं की मी विरघळते.

आणि वॉर्डातही मला आवडतंय, हीच तर पंचाईत. परवा एका म्हाताऱ्याच्या दंडात पहिल्या प्रयत्नात सुई गेली तर मी त्याचेच आभार मानले. पाकौ रोज दुपारी मला एक प्रश्न घालते आणि मी चुकले की तिच्या डब्यातला भात आणि तिची ती जहाल मिरचीची चटणी खायला लावते. मी बरीच चुकते. चटणीची सवय झाली.

डोलोरेसबाईंचं मात्र अवघड होऊन बसलंय. हृदयाच्या डॉक्टरांनी येऊन सगळं नीट सांगितलं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवतात, छाती फाडावी लागत नाही, नाही बसवली तर पुढचा हिवाळा काढणं कठीण. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्या डॉक्टरांना विचारून सांगते.” दोन दिवस झाले, त्याच उत्तरावर अडल्या आहेत. पाकौ बाहेर येऊन मला म्हणाली, “यांचे डॉक्टर आपणच ना? मग या विचारणार कुणाला?” मी फाइल चाळत राहिले.

त्या मला विचारणार आहेत, ऐली. काल मला बसवून घेतलं आणि त्यांच्या नवऱ्याचं, स्टॅनचं, सगळं सांगितलं. त्यानं असाच कुठल्यातरी ऑपरेशनला होकार दिला आणि तो घरी आलाच नाही. शेवटच्या आठवड्यात त्याला नळ्यांमुळे बोलता येत नव्हतं, तर त्यानं बायकोच्या तळहातावर बोटानं लिहिलं, ‘पुरे’. चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे. “डॉक्टरला सांगितलं तर चालतं,” म्हणाल्या. मग माझा हात धरून विचारलं, “तुम्ही सांगाल ते करीन. बसवू का?” मी म्हटलं, उद्या बोलू. ‘बसवा’ म्हणायचा मला हक्क नाही. आणि हक्क नाही हे सांगायचं, तर स्टॅनची गोष्ट ऐकून घेतल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?

पाटीचा फोटो मिळाला. सुंदर झाली आहे. पाइनची फळी, जाळून काढलेली अक्षरं, ‘डॉ. ऐली कोस्केला’. बाबांचा हात अजून स्थिर आहे. आईनं सांगितलं की फळी लांब होती, अर्धी उरली, ती आता सौनाच्या चुलीत जाणार. मग बाबा फोनवर आले आणि म्हणाले, “थांब हं, आमची डॉक्टर जेवायला आली आहे, तिला वाढतो.” चुकीचं काही बोलले नाहीत ते.

हे पत्र मी इथेच संपवून पाकीट बंद केलं होतं. मग पुन्हा फाडलं.

त्या बाई मला डॉक्टर म्हणतात ना, तेव्हा मला बरं वाटतं. म्हणून सांगितलं नाही. पहिल्या दिवशी धाप लागली हे खरं, पण नंतरचे सगळे दिवस मीच राहू दिलं. मी तुझ्याआधी एक वर्ष शिकायला लागले आणि तू पाटी लावून बसलीस, याचा मला हेवा वाटतो. तुझ्यावर राग नाही, एक कणभरही नाही, पण हेवा वाटतो. हॅरिएटकडे गेले तर उद्यापासून मला सगळे डॉक्टर म्हणतील आणि खोटंही ठरणार नाही. तिचं बोलावणं मला गोड लागतं ते माशांमुळे की या एका शब्दामुळे, तेच कळेना झालंय. आता हे पत्र मी टपालपेटीत टाकणार, म्हणजे परत घेता येणार नाही.

तुझी,
हेल्मी


मिलवॉकी
रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय ऐली,

या वेळी तू फोन केला नाहीस. नुसती निसू पाठवलीस, आपली फिनिश गोड पावरोटी, वेलची जरा जास्तच घातलेली, वर तीन शब्दांची चिठ्ठी: ‘मूर्ख. जा. सांग.’ अर्धी पावरोटी मी उभ्या उभ्या खाल्ली. उरलेली अर्धी वॉर्डात नेली, ती पाकौनं संपवली.

सांगितलं. तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सगळ्यांची फेरी सुरू व्हायच्या आधी. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, “डोलोरेसबाई, मी डॉक्टर नाही.”

त्यांनी उशीखालून चष्मा काढला, घातला आणि माझं कार्ड मोठ्यानं वाचलं. “विद्यार्थिनी.” मग माझ्या केसांकडे बघितलं. “वय काय तुझं?”

“बत्तीस.”

“बत्तीस, आणि अजून शाळेत? कितीदा नापास झालीस?”

मी सगळं सांगितलं. पूल, प्रबंध, मासे, त्यांची पुन्हा वाढणारी हृदयं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे तू माशांची डॉक्टर.”

“हो.”

“जन्मभर मी दर शुक्रवारी मासे खाते आहे. एकानंही डॉक्टर मागितला नाही.”

मला हसू आलं, त्याही हसल्या, आणि मग त्यांचं हसू आटलं. “स्टॅनचं मी तुला डॉक्टर समजून सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

ऐली, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, “पहिल्या दिवशी चुकून निघालं. नंतर चुकून राहिलं नाही. मला ऐकायला आवडत होतं म्हणून राहू दिलं. माफ करा.” त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मीही बसून राहिले. उठून जाणं बरं दिसलं नसतं.

शेवटी त्यांनी विचारलं, “मग खरी डॉक्टर कोण?”

“पाकौ. डॉक्टर व्हांग.”

“कोण, ती शाळकरी?” त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “अग, तिला मी रोज ताट उचलायला लावते.”

“मग ती काय करते?”

“उचलते. पडदा ओढ म्हटलं, ओढला. परवा पायमोजे बदलायला लावले, तर बदलले आणि वर पाय दाबून सूज किती उतरली तेही बघितलं. मला वाटलं, मुलगी कामाला चांगली आहे.”

तेवढ्यात पाकौ आली. डोलोरेसबाई शक्य तेवढ्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “या, डॉक्टर, बसा.” पाकौनं मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. मग माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. तिनं स्टूल घेतलं, बसली, आणि कागदावर झडपेचं चित्र काढून पहिल्यापासून सांगायला लागली. कुठे त्रास होऊ शकतो तेही लपवलं नाही. स्टॅनचं मी तिला सांगितलं नव्हतं, तरी ती आपणहून म्हणाली, “काही बिघडलं आणि तुम्हाला पुरे वाटलं, तर आम्ही थांबू. ते आत्ताच कागदावर लिहून ठेवू.” बाईंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मला बाहेर जावंसं वाटलं, पण गेले नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू माणसांची कधी होणार?”

“अजून दोन वर्षांनी. राहिले तर.”

“राहिले तर म्हणजे?”

पाकौही माझ्याकडे बघायला लागली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून हॅरिएटचंही सांगून टाकलं. डोलोरेसबाईंनी थोडा विचार केला आणि पाकौला विचारलं, “डॉक्टर, या जुन्या झडपेवर मी दोन वर्षं काढीन का?”

“नाही,” पाकौ म्हणाली.

“आणि नवीवर?”

“खात्री देत नाही. पण शक्यता चांगली आहे.”

“मग बसवा नवी. हिला इतके दिवस फुकट डॉक्टर म्हटलं मी. एकदा खरं म्हणायचं राहिलंय.”

बाहेर आल्यावर पाकौ मला काही बोलेल असं वाटलं होतं. तिनं लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाली, “पुन्हा असं केलंस तर मीच तुला वरच्यांपुढे उभी करीन, प्रोफेसर. आणि आजपासून ताट तू उचलायचं.” तेव्हापासून मीच उचलते. पडदाही.

झडप त्याच आठवड्यात बसली. दुसऱ्या दिवशी पाकौनं मला पुन्हा त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवायला लावला. स्स नव्हता. नुसते ठोके, एकामागून एक, दार नीट लागल्यासारखे. इथे काही पुन्हा वाढलं नाही, ऐली. माणसाचं हृदय माशासारखं वागत नाही, कुणीतरी जाऊन त्यात झडप बसवावी लागते आणि त्याआधी कुणीतरी खुर्ची ओढून बसावं लागतं. मला हे दोन्ही हवंय, मासेही आणि ही खुर्चीही. हे मी तिथे कानात नळ्या घालून उभी असताना ठरवलं. पुन्हा कान काढीना तेव्हा बाई म्हणाल्या, “गाणं संपलं का?” मी म्हटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “मग रडतेस कशाला?”

घरी जाताना त्यांनी चाकाच्या खुर्चीतून पाकौच्या गालाची पापी घेतली आणि मला दम दिला. पदवीदानाला पुढच्या रांगेत खुर्ची हवी, गुडघे दुखतात, जिने चढणार नाही. आणि येताना बेकरीतून खोकाभर पोंच्की, ते तळलेले गोड पोलिश गोळे, आणणार, आतल्या मुरांब्यासकट. पाकौ म्हणाली, त्यांना इतकं गोड चालणार नाही. बाई म्हणाल्या, “मी कुठे खाणार आहे, डॉक्टर? मी फक्त बघणार आहे.”

हॅरिएटला सांगायला पूल ओलांडून गेले. वाटलं होतं, रुसेल. तिनं टाकीत खाणं टाकता टाकता ऐकलं. “मासे कुठे जात नाहीत,” म्हणाली. “शनिवारी मोकळी असलीस तर येत जा, पाणी बदलायला माणूस हवाच आहे.” टेबल मात्र तिनं एका नव्या मुलाला देऊन टाकलं. त्याचं मला दोन मिनिटं वाईट वाटलं.

म्हणजे अजून दोन वर्षं आखूड कोट. पाकौची चटणी, उलटे पट्टे, सही मागत फिरणं. तोवर तुझा लांब कोट तीनदा धुऊन विरलेला असेल. मागच्या आठवड्यात एकाला ऐटीत सांगितलं, “मी हेल्मी, विद्यार्थिनी.” तो म्हणाला, या वयात? मी म्हटलं, हो, या वयात. आणि खरं सांगू, मला अजिबात लाज वाटली नाही.

आता घरी सगळं सांगितलंस तरी चालेल. हेव्याचंही सांग, बाबांना गंमत वाटेल. फक्त त्यांना माझा एक निरोप दे. ती उरलेली अर्धी फळी चुलीत घालू नका म्हणावं. सौनाच्या मागे कोरड्या जागी, उभी करून ठेवा. दोन हिवाळे काढायचे आहेत तिला.

तुझी थोरली बहीण,
हेल्मी. सध्या नुसतीच हेल्मी.